घरच्या पावाचें माप

मराठी भाषेंत ‘पाव’ हा शब्द दोन अर्थांनीं नांदतो. एक पाव म्हणजे चतुर्थांश. तो संस्कृत ‘पाद’ शब्दाचा वंशज असून पावशेर, सव्वा, पाऊण हीं सारीं त्याचींच भावंडें होत. दुसरा पाव भट्टींतून निघतो. तो पोर्तुगीज लोकांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यास लागला आणि त्यांच्या ‘पांव’ या शब्दानेंच इकडे ओळखला जाऊं लागला. या दोन शब्दांचें एकमेकांशीं रक्ताचें नातें कांहींच नाहीं. परंतु ज्या घरांत पहिल्या पावाची, म्हणजे मापाची, हयगय होते, त्या घरीं दुसरा पाव सहसा धड उतरत नाहीं. घरीं पाव भाजतांना वजनमाप कां सांभाळावें आणि तें कसें सांभाळावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

एखाद्या शहरी घरांतील प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. २०२० सालच्या टाळेबंदींत पुष्कळ घरांतून पाव भाजण्याची हौस उत्पन्न झाली. तशीच ती या घरींहि झाली असें समजूं. सूनबाईंनीं कोठून तरी एक कृति उतरून घेतली: तीन कप मैदा, एक कप आणि दोन मोठे चमचे पाणी, दीड लहान चमचा मीठ, तितकेंच सुकें यीस्ट. पहिल्या रविवारीं पाव उत्तम झाला. शेजारींपाजारीं एकेक तुकडा गेला, कौतुक झालें. दुसऱ्या रविवारीं पाहुणे यावयाचे होते, म्हणून अधिक काळजी घेतली. मैदा दोनदां चाळला, कप अलगद भरला. पीठ मात्र हाताला चिकटूं लागलें, साच्यांत पसरलें आणि चार तासांच्या खटपटीनंतर भट्टींतून जो बाहेर आला तो चपटा, आंतून ओलसर, सुरीला लगदा लागणारा गोळा! 

“अहो आई, कृति तीच, यीस्ट तेंच, कपसुद्धां तोच!” सूनबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. घरांत मग नेहमींची चर्चा झाली. कोणी यीस्टला दोष दिला, कोणी भट्टीला. अखेर “पहिला नशिबानें जमला होता, पावाला हातच लागतो,” असा निकाल होऊन प्रकरण मिटलें. साचा माळ्यावर गेला.

या निकालांत अन्याय आहे, आणि तो एकाच घरापुरता नाहीं. पीठ वायां जातें, इंधन वायां जातें, याहून मोठें नुकसान असें कीं, ज्या व्यक्तीनें अधिक काळजी घेतली तिच्याच हाताला दोष येतो, आणि ती व्यक्तीहि तो मुकाट्यानें मान्य करते. वास्तविक हात निर्दोष होता. दोष कपाचा होता.

तो कसा, हें पाहण्यापूर्वीं एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रांतील बायका पिढ्यान्‌पिढ्या भाकरी थापीत आल्या, त्यांनीं कधीं तराजू घेतला होता काय? घेतला नव्हता, हें खरें. परंतु भाकरीचा न्याय निराळा आहे. एका भाकरीचें पीठ एका वेळीं मळलें जातें. पाणी अधिक झालें तर तें त्याच क्षणीं बोटांना कळतें; भाकरी तव्यावर चिरली तर पांच मिनिटांत डोळ्यांना दिसतें, आणि दुसऱ्या भाकरीच्या वेळीं हात आपोआप सुधारतो. चूक आणि तिची शिक्षा यांत अंतर फारसें नसतें. शिवाय हें रोजचें काम. आमटीचेंहि तसेंच, मीठ कमी पडलें तर वरून घालतां येतें.

पावाच्या बाबतींत सकाळीं नऊ वाजतां झालेली चूक दुपारीं एक वाजतां उघडकीस येते. मधल्या चार तासांत मळणें, फुगणें, आकार देणें, पुन्हां फुगणें, भाजणें एवढे संस्कार होऊन गेलेले असतात. यांपैकीं कोणत्या ठिकाणीं घसरलें, हें आठवणीवरून सांगतां येत नाहीं. आणि पुढचा प्रयोग आठ दिवसांनीं! आठवड्यास एक याप्रमाणें वर्षाचे जेमतेम बावन पाव. गोव्याचा पोदेर एवढे पाव एका पहांटेंत भट्टीबाहेर काढतो. माडाची सूर घालून पीठ आंबविण्याची त्याच्या धंद्यांतील जुनी रीत त्या रोजच्या संवयीवरच उभी होती. ज्याला रोजची संवय नाहीं त्यानें तिची उणीव कशानें तरी भरून काढली पाहिजे. ती भरून काढणारें साधन म्हणजे वजनकांटा.

आतां कपाचा दोष पाहूं. जुन्या काळीं आपल्याकडे धान्य मापानें आणि सोनें वजनानें घेत. निळवें, कोळवें, चिपटें, मापटें, शेर, अधोली आणि पायली अशी दुपटीदुपटीनें वाढत जाणारी मापांची उतरंड घरांत असे. मापी शेर आणि वजनी शेर हे दोन निराळे आहेत, हें तेव्हांच्या गृहिणीला सांगावें लागत नसे. एक मापटें ज्वारी आणि एक मापटें पोहे यांचें वजन सारखें नव्हे, हें पोरसोरहि जाणत असे. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून मेट्रिक वजनें व्यवहारांत येऊं लागलीं. तशी ती उतरंड अडगळींत गेली, आणि तिच्याबरोबर हें शहाणपणहि थोडें अडगळींत गेलें.

वर सांगितलेल्या घरांत तें शहाणपण सासूबाईंजवळ शिल्लक होतें. दोनचार दिवसांनीं त्यांनीं सहज विचारलें, “अग, दुसऱ्या वेळीं पीठ चाळून घेतलें होतेंस का? आमच्या लहानपणीं माप भरतांना त्याला एक हिसका दिला, कीं वर आणखी मूठभर धान्य मावत असे. आई त्यावरून वाण्याशीं भांडायची.” या एका प्रश्नानें सगळा उलगडा झाला.

ज्वारीच्या दाण्यांत हिसक्यानें मुठीचा फरक पडतो, तर मैद्यासारख्या हलक्या भुकटींत किती पडेल? २४० मिलिलिटरच्या कपांत चाळलेला मैदा चमच्यानें अलगद भरून वर सुरी फिरविली तर तो सुमारें १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यांत खोल खुपसून भरून घेतला तर १५० ग्रॅम भरतो. आणि दाबून शीग ठेवली तर त्याहूनहि अधिक. पाण्याचें तसें नाहीं. पाणी दाबून बसत नाहीं. एक मिलिलिटर पाणी म्हणजे व्यवहारांत एक ग्रॅम, हा हिशेब कायम.

आतां पाटीवर आंकडे मांडावे. पहिल्या रविवारीं कप डब्यांत खुपसून भरले होते: तीन कप म्हणजे ४५० ग्रॅम मैदा. पाणी एक कप आणि दोन मोठे चमचे, म्हणजे २७० ग्रॅम. पिठाच्या शेंकडा ६० पाणी झालें. दुसऱ्या रविवारीं मैदा चाळून अलगद भरला: तीन कप म्हणजे ३६० ग्रॅम. पाणी तेंच २७०. पिठाच्या शेंकडा ७५! आपल्याकडील साध्या मैद्याला ६० ते ६५ टक्के पाणी मानवतें. ७५ टक्क्यांत तो साच्यांत पसरेल नाहीं तर काय करील? मिठाचें आणि यीस्टचें प्रमाणहि त्याच हिशेबानें बिघडलें. काळजी वाढली, पीठ नव्वद ग्रॅमनीं घटलें, आणि कागदावरील कृति मात्र अक्षरशः तीच राहिली.

कपाची ही पद्धति मुख्यतः अमेरिकेची. बोस्टन येथील पाकशाळेच्या फॅनी फार्मर या बाईंनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकानें सपाट कपाचा आणि सपाट चमच्याचा आग्रह तेथें रूढ केला. त्यापूर्वींच्या ‘थोडें लोणी’, ‘मूठभर पीठ’ अशा भाषेच्या मानानें ती मोठीच सुधारणा होती. परंतु ज्याला काट्यावर ग्रॅम वाचतां येतो त्यानें कपाशीं अडून बसण्याचें कारण नाहीं. त्यांतून आपल्याकडे कप म्हणजे कधीं चहाचा कप, कधीं आमटीची वाटी. तेव्हां परदेशी कृतींतील कपाला आपल्या घरांत धड अर्थहि उरत नाहीं.

धंदेवाईक भट्टीवाल्यांची मांडणी याहून सोपी आहे, आणि ती ज्याला शाळेंतील त्रैराशिक आठवतें त्याला पांच मिनिटांत समजते. ते पिठाचें वजन नेहमीं १०० धरतात आणि बाकी प्रत्येक जिन्नस पिठाच्या शेंकड्यांत सांगतात. साध्या घरगुती पावाचें प्रमाण असें धरावें: मैदा १००, पाणी ६२, मीठ २, सुकें बारीक यीस्ट १, साखर ३, तेल अथवा लोणी ४. बेरीज १७२. (सर्व मिळून शंभरांपेक्षां अधिक होतात म्हणून दचकूं नये, येथें शंभर हे एकट्या पिठाचे आहेत.)

मैदा ४०० ग्रॅम घेतला तर प्रत्येक आंकड्याला चारांनीं गुणावें: पाणी २४८, मीठ ८, यीस्ट ४, साखर १२, तेल १६, एकूण गोळा ६८८ ग्रॅम. उलट दिशेनेंहि हिशेब होतो. पन्नास ग्रॅमच्या गोळ्याचे बारा पाव हवे आहेत, म्हणजे गोळा ६०० ग्रॅम. १७२ ग्रॅम गोळ्यास १०० ग्रॅम पीठ, तर ६०० ग्रॅमला किती? उत्तर सुमारें ३४९. मग पाणी २१६, मीठ ७, यीस्ट साडेतीन. या एका त्रैराशिकानें कोणतीहि कृति लहान-मोठी करतां येते, आणि दोन कृतींची तुलनाहि करतां येते. एकींत २७० ग्रॅम पाणी आणि दुसरींत ३१० ग्रॅम, यावरून कांहींच कळत नाहीं. ६० टक्के आणि ७५ टक्के म्हटलें कीं दोन्ही पीठें हाताला कशीं लागतील हें मळण्यापूर्वींच समजतें.

प्रत्येक जिन्नसाची चूक सारख्याच मोलाची नसते. साखर दोन ग्रॅम इकडेतिकडे झाली तर कोणाला पत्ताहि लागणार नाहीं. पाण्याची चूक सर्वांत आधीं दिसते. पीठ सैल वाटलें कीं माणूस वरून कोरडें पीठ टाकीत जातो. हें टाकलेलें पीठ कोणी मोजीत नाहीं. त्यायोगें पाणी आवरतें खरें, पण मीठ आणि यीस्ट त्या मानानें कमी पडतात आणि पाव अळणी व मंद होतो. एक चूक झांकतांना दुसऱ्या दोन होतात, त्या अशा.

मिठाला केवळ चवीचा जिन्नस समजूं नये. मीठ यीस्टच्या गतीला लगाम घालतें आणि पिठांतील चिवट जाळें घट्ट करतें. विसरलें तर पीठ भराभर फुगून गळून पडतें. दुप्पट पडलें तर तासन्‌तास हालत नाहीं. आणि चमच्यानें मोजण्याला सर्वांत फसवा जिन्नस हाच. सपाट लहान चमचाभर बारीक मीठ सुमारें सहा ग्रॅम भरतें. तोच चमचा जाड मिठाचा भरला तर दाण्यांमधील पोकळीमुळें वजन पुष्कळ कमी येतें.

यीस्ट ही सजीव वस्तु आहे. आंबण्याची क्रिया या सूक्ष्म जीवांच्या जगण्यानें घडते, हें फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं १८५७ पासून केलेल्या संशोधनानें प्रस्थापित केलें. सुक्या बारीक यीस्टच्या जागीं ताजें ओलें यीस्ट घ्यावयाचें असेल तर तें वजनानें सुमारें तिप्पट लागतें. ‘एक चमचा यीस्ट’ एवढेंच लिहिलेली कृति येथेंच फसविते. पाणीहि कोमट, पस्तीस ते चाळीस अंशांचें असावें. साठ अंशांच्या आसपास हे जीव मरतात, आणि मग बाकीचें सारें मोजमाप फुकट जातें.

कांटा वापरण्याची रीत सोपी आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा विजेरीवरचा साधा कांटा सपाट, टणक ओट्यावर ठेवावा आणि एकच वस्तु तीनदां ठेवून आंकडा तोच येतो ना, हें पाहावें. पूर्वीं वाणी तेलाचें भांडें तागडींत ठेवण्याआधीं दुसऱ्या पारड्यांत तेवढ्या वजनाचे खडे टाकून धडा करीत असे. आतांच्या काट्यावर तो धडा एका कळीनें होतो. परात ठेवावी, कळ दाबून शून्य करावें. मैदा ४०० ग्रॅम घालावा, पुन्हां शून्य. मीठ ८, पुन्हां शून्य. याप्रमाणें सगळें एकाच परातींत मोजलें जातें आणि कपचमचे विसळण्याचें कामहि उरत नाहीं. मात्र मीठ आणि यीस्ट थेट परातींत न घालतां निरनिराळ्या वाट्यांत मोजून मग घालावें. पिठांत अधिक पडलेलें मीठ परत काढतां येत नाहीं.

राहिली अडचण यीस्टची. एक ग्रॅमपर्यंतच दाखविणाऱ्या काट्यावर साडेतीन ग्रॅम कसे मोजावे? येथें प्रयोगशाळेंतील एक युक्ति उपयोगी पडते. १० ग्रॅम यीस्ट ९० ग्रॅम कोमट पाण्यांत नीट ढवळावें. या १०० ग्रॅम मिश्रणाच्या दर दहा ग्रॅमांत एक ग्रॅम यीस्ट असतें. ढवळतां ढवळतांच ३५ ग्रॅम मिश्रण घेतलें कीं साडेतीन ग्रॅम यीस्ट हातीं आलें. त्याबरोबर साडेएकतीस ग्रॅम पाणी आलें, तेवढें मुख्य पाण्यांतून वजा करण्यास विसरूं नये.

एवढें सारें केल्यावर हाताला आणि डोळ्यांना कांहीं काम उरत नाहीं, असें मात्र समजूं नये. पावसाळ्यांत पीठ हवेंतील ओल शोषून घेतें. ५०० ग्रॅम पिठांत दोन टक्के ओल अधिक असली तर दहा ग्रॅम पाणी न मोजतांच आंत आलेलें असतें. गिरणीच्या जात्यावर दळलेली कणीक मैद्यापेक्षां पुष्कळ अधिक पाणी पिते. ६२ टक्क्यांत ती दगडासारखी लागेल. म्हणून पाणी मोजून घ्यावें, पण शेवटचे दहा-वीस ग्रॅम बाजूला राखून हाताला विचारून घालावे, आणि उरलें तर किती उरलें तें पुन्हां मोजावें. हाताचा निर्णय हाताकडेच राहतो. त्या निर्णयाची नोंद तेवढी काट्याकडे जाते.

फुगण्याचा काळहि घड्याळावर सोडूं नये. उष्णता दहा अंशांनीं वाढली तर फुगण्याची गति जवळजवळ दुप्पट होते. तेव्हां पुण्याच्या एप्रिलमधला एक तास आणि जानेवारींतला एक तास हे एक नव्हेत. मळलेल्या पिठाचा लहानसा गोळा उभट सरळ पेल्यांत दाबून ठेवावा, त्याच्या उंचीवर रबरी कडें चढवावें, आणि तो दुप्पट झाला कीं मोठा गोळाहि झाला असें धरावें. भाजल्यावर, निवल्यानंतर पाव पुन्हां काट्यावर ठेवावा. पाण्याची वाफ होऊन त्याचें वजन सामान्यतः दहा ते पंधरा टक्के घटतें. ६८८ ग्रॅमचा गोळा ६७० भरला तर तो आंत कच्चा असण्याचा संभव फार, आणि हें सुरी लावण्याआधींच कळतें.

या सर्व आंकड्यांना एक वही हवी. तारीख, पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, किती वेळांत फुगला, किती वजन घटलें आणि कसा झाला, अशा एका ओळींत एक पाव मावतो. न मोजलेला पाव बिघडला तर त्यापासून मनस्तापाखेरीज कांहीं पदरांत पडत नाहीं. मोजलेला बिघडला तर त्याची ओळ शिल्लक राहते, आणि पुढच्या वेळीं एकच आंकडा बदलून पाहतां येतो. एका वेळीं एकच बदलावा; पाणी कमी आणि यीस्ट जास्त, असें दोन्ही एकदम केलें तर गुण कशाचा हें पुन्हां कळेनासें होतें. आजी-पणजींच्या हातांत जें होतें तें यापेक्षां निराळें नव्हतें. त्यांची वही बोटांत होती, आणि ती भरावयास त्यांना रोजच्या वीस-वीस भाकरी मिळाल्या होत्या.

वर सांगितलेल्या घरांतील साचा माळ्यावरून खालीं आला. तिसऱ्या रविवारीं सासूबाईंनीं चष्मा लावून आंकडे वाचले आणि सूनबाईंनीं ते घातले: मैदा ४५०, पाणी २७०. पाव पहिल्यासारखा झाला. चौथ्या रविवारीं पाणी मुद्दाम २७९ घेतलें, म्हणजे ६२ टक्के, आणि तो पहिल्याहून अधिक मऊ झाला. वहींत चार ओळी झाल्या. दुसऱ्या ओळीपुढें, जेथें चपट्या पावाची नोंद मागाहून केली होती, तेथें सूनबाईंनीं कारणहि लिहून ठेवलें: “पीठ चाळून भरलें, ९० ग्रॅम कमी.” हाताविषयीं तेथें कांहीं लिहिलेलें नाहीं.